कॉफी संपेपर्यंत थांब

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात तार होती. मोटरची कॉइल भरताना वेढे मनातल्या मनात मोजावे लागतात. कुणी हाक मारली तर बोटं थांबवायची, पण मोज सुटू द्यायची नाही. शेजारच्या लाकडाच्या वखारीत टेलिफोन आहे, तिथून निरोप घेऊन आमचा फिटर मुनियप्पा आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का... अण्णा होदरु." गेले. मी पुढचा वेढा घातला, त्याच्या पुढचाही घातला, आणि मग लक्षात आलं की मोज केव्हाच सुटली आहे. राजाजीनगरच्या वर्कशॉपातून जयनगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत मनात एकच धास्ती... आता या गावात कुणाच्या भरवशावर राहायचं? माणूस गेलेला आणि मला माझीच काळजी! महिना होऊन गेला, धास्ती काही हटलेली नाही.

मी निपाणीची. सातवीत शाळा सुटली आणि आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जाऊ लागले. आईचा खोकला रात्रभर ऐकायचा आणि सकाळी त्याच धुळीत जाऊन बसायचं. बेंगळुरात आत्या होती, तिनं बोलावून घेतलं आणि ओळखीनं शंकरअण्णांच्या वर्कशॉपात नेऊन उभी केली. अण्णांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. मराठी बोलत, पण त्यात निम्मी कानडी. "कितवी गे?" "सातवी," मी मान खाली घालून सांगितलं. आता 'जा' म्हणतील असंच वाटलं. ते म्हणाले, "वेणी स्वतःची स्वतः घालतेस?" "हो." "आरशात पाठ बघून?" "नाही, हातानंच." "सरी, बरं तर. उद्यापासून ये, तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण. पुढं शेवटपर्यंत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही.

त्या काळी थंडाव्याची मशीनं पट्ट्यावर चालत. मोटर एकीकडे, कॉम्प्रेसर दुसरीकडे, मध्ये पट्टा. कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून गॅस गळायचाच. आज भरला की काही दिवसांत पुन्हा भरा. अण्णांच्या डोक्यात होतं, मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच लोखंडी पेटीत बंद करायचे. दांडा बाहेर नाही, पट्टा नाही, गळती नाही. परदेशात तशी मशीनं होती, पण सुटे भाग इकडे मिळायची मारामार. अडचण अशी, की आत मोटर कायमची गॅस आणि तेलात बुडालेली राहणार, आणि आमच्या तारेवरचं साधं व्हार्निश त्यात टिकेना. अण्णांनी दोन्ही तोंडं बंद होणारी एक जाड नळी केली. तिच्यात तेल, गॅस आणि तारेचे तुकडे घालून ठेवायचे. आम्ही तिला 'लोणचं' म्हणत असू. "मुरलं का गे लोणचं?" असं विचारतच ते सकाळी आत यायचे. नळी उघडली की तारेवरचं व्हार्निश उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं हातात यायचं. ते हसायचे. "मिरची जास्त झाली. दुसरं घाल." कितीतरी व्हार्निशं झाली, भट्टीत भाजायच्या किती तऱ्हा झाल्या... शेवटी एका सकाळी मी नखानं खरवडलं तरी साल निघेना. अण्णांनी तो तुकडा खिशात घातला आणि सगळ्यांना म्हैसूरपाक मागवला.

पहिलं मशीन बसलं ते रेशीमकिड्यांच्या अंड्यांच्या शीतघरात. तुतीला पाला येईपर्यंत अंडी थंडीत झोपवून ठेवायची असतात. थंडी गेली तर अळ्या अवेळी बाहेर येतात आणि पाल्यावाचून मरतात. तिथल्या मॅनेजरांना माझं नाव कळलं तेव्हाच ते मुनियप्पाला म्हणाले होते, "वेणीवालीकडून मोटर करून घेतलीत? गजरा पण माळलाय का तिला?" मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून रोज वाटायचं, मोटर जळाली तर माझं बोचकं बांधलेलंच आहे.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी हत्यारं, मशीनं सगळी थांबवून पुजायची, हा इथला रिवाज. अण्णा जुन्या सवयीनं आरतीपुरतं मशीन बंद करायचे आणि कोहळा फुटला की लगेच चालू. पट्ट्याच्या मशीनला ते चालून जायचं. पट्टा चीं करून घसरायचा आणि मग पकड घ्यायचा. त्या दिवशीही शीतघरात आरती झाली, मॅनेजर घाईला आले, "चालू करा, थंडी जातेय," आणि अण्णांनी खटका दाबला. पेटीतून नुसता घुमल्यासारखा आवाज आला. मोटर फिरेना. वरचा दिवा मंद झाला. एवढ्या माणसांत मी ओरडले, "अण्णा, बंद करा!"

त्यांनी बंद केलं. मॅनेजर म्हणाले, "वाइंडिंग कुणाचं?" आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या बोटांना अजून कुंकू होतं. मला वखारीतली धूळ नाकात आल्यासारखी झाली.

"वाइंडिंगचं मागून बघू," अण्णा पेटीशेजारी जमिनीवरच बसत म्हणाले. "आधी कॉफी सांगा. बाय-टू."

"अहो, आत अंडी आहेत!"

"म्हणून तर. आता दाबलंत तर जळेलच." पेटीवर तळवा ठेवून ते बसून राहिले. हळू आवाजात मला म्हणाले, "आतला दाब बसायच्या आधीच उठवत होतो गे तिला. पट्टा नाही हे हात विसरला." मॅनेजर काचेतून पारा बघत होते, चढतोय म्हणून सांगत होते. एका कॉफीचे दोन पेले आले. आतलं वाइंडिंग धड आहे की जळलं, पेटी न उघडता कळायला काही मार्ग नव्हता... अण्णा मात्र घोट घोट पीत होते. पेला रिकामा करून म्हणाले, "लाव."

"मी नको, अण्णा."

"वाइंडिंग तुझं. तूच लाव."

मी दाबला. एक हिसका बसला, आणि मशीन चालू झालं. मग अण्णा उठले, मॅनेजरांसमोर उभे राहिले. "चूक माझ्या हाताची. हिचं वाइंडिंग घट्ट म्हणून मोटर वाचली. आता हिच्या हातचे प्रसादाचे चुरमुरे घ्या." मॅनेजरांनी घेतले.

पुढच्या मशीनमध्ये त्यांनी तापलं की आपोआप तुटणारा आणि निवल्याशिवाय न जुळणारा खटका बसवला, मोटरचा सुरुवातीचा जोरही वाढवला. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ती फजिती स्वतःवर घेऊन सांगितली. "बंद केलं की एक कॉफी. मग चालू."

गेल्या आठवड्यात त्याच शीतघरात वीज गेली आणि पाठोपाठ परत आली. मी तेव्हा तपासणीला तिथंच होते, या वेळी एकटी; वीज जाताच खटका बंद केला होता. तिथलं ते पहिलं मशीन जुनंच, त्याला तो खटका नाही. नवे मॅनेजर खटक्यापाशी हात नेत म्हणाले, "लावू ना?" मी म्हटलं, "स्वल्प थांबा. कॉफी सांगा, बाय-टू." दोन पेले आले. मॅनेजर कॉफी घेत नाहीत. ते पाऱ्याकडं बघत होते, मी पेटीवर तळवा ठेवून बसले. माझा अर्धा संपला, तरी भीती जाईना. मग अण्णांचाही अर्धा प्यायले, सावकाश. आणि उठून खटका दाबला.