हवेत पाखडणाऱ्या अक्का

बॉनेट उघडलेली मोटार. ड्रायव्हरच्या सीटवर साठीला आलेली, डोक्यावरून पदर घेतलेली बाई बसली आहे आणि दोन्ही हातांनी ज्वारी पाखडते आहे. हातात सूप नाही, ज्वारी नाही, नुसती हवा. समोर इंजिनवर वाकलेला तिचा नवरा तिच्या हातांकडे टक लावून पाहतो आहे.

त्या वर्षांत तुम्ही बीदरकडच्या राजेश्वर गावी आमच्या गल्लीत आला असतात, तर तुम्हीही हे पाहिलं असतं आणि बाकीच्या नव्या माणसांसारखं मला येऊन हळूच विचारलं असतं, की त्या बाईला काही बाधा झाली आहे का. मला अशासाठी, की हायवेकडच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे. स्पेअर पार्टचं. वडिलांनी टाकलं, भाऊ दोघंही पुण्याला कंपनीत लागले आणि शटरची किल्ली माझ्याकडे राहिली. मी सांगायचे, बाधा वगैरे काही नाही. गाडीची टायमिंग चेन ढिली झाली आहे, एवढंच ती बाई सांगते आहे.

त्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही. त्यांचे यजमान, आमचे अण्णा, तिकडे गुलबर्ग्याच्या बाजूला सिमेंटच्या कारखान्यात तीस वर्षं फोरमन होते, दगड फोडायच्या क्रशरवर. क्रशरने त्यांना पगार दिला आणि कान घेतले. मग कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला. जुनी माणसं घरी बसवली, जुन्या वस्तू भंगारात काढल्या. त्या भंगारात कुण्या जुन्या साहेबाची विलायती स्पोर्ट्स कार होती. दोनच सीटची, लांब नाकाची, वर टप नाही, बिल्ला कधीच पडून गेलेला. अण्णांनी ती ट्रॅक्टरला बांधून गावी आणली.

"लोक रिटायर होऊन भिंतीवरचं घड्याळ आणतेत," अक्का म्हणायच्या, "आमच्यात ह्यांनी सवत आणली."

वर्षभरात ती सवत त्यांच्याच अंगावर पडली. कारण मोटारीचं दुखणं आधी कानाला कळतं, डोळ्याला फार नंतर. आणि अण्णांना तर दारात बँड वाजला तरी पत्ता लागत नसे. जवळून, सावकाश बोललं तर ओठांवरून थोडं कळायचं, तेवढंच. म्हणून अक्का सीटवर बसायच्या, एका पायाने अ‍ॅक्सिलरेटर दाबायच्या आणि ऐकायच्या. अण्णा बॉनेटमागून डोकं वर काढून क्रशरवरच्या आवाजात ओरडायचे, "काय म्हणायलीय?"

अर्ध्या राजेश्वरला ऐकू जायचं. अक्का ओरडून उत्तर देत नसत, उपयोगच नव्हता. त्या करून दाखवायच्या. मेकॅनिकचे शब्द त्यांच्याकडे नव्हते, स्वयंपाकघर होतं. दोन्ही मनगटं हलवून काकणं वाजवली, की टॅपेट ढिले. तोंडापुढे मूठ धरून फुंकणी फुंकली, की गॅस्केटमधून हवा सुटते आहे. जातं ओढलं, की वॉटर पंप. सुपाने पाखडलं, की टायमिंग चेन. उखळात कांडताना मी त्यांना एकदाच पाहिलं. त्या दिवशी अण्णा पाना टाकून तिथेच धुळीत बसले. इंजिनचं बेअरिंग गेलं होतं. सगळं खाली उतरवावं लागलं आणि पुढचे आठ महिने त्यांच्या अंगणात तुळशीपाशी क्रँकशाफ्ट पडून होता. अक्का रोज तुळशीला पाणी घालताना त्यालाही जरा पुसून घ्यायच्या.

अण्णा कामाला पक्के. बिघडला म्हणून उतरवलेल्या प्रत्येक पार्टच्या पाठीवर पंच ठेवून हातोडीने एक बारीक ठिपका मारायचे. पार्ट किती वेळा खोलला ते कळायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यातली सवय.

गाडी चालू झाल्यावर एक नवीनच खोड निघाली. अक्कांचं माहेर मुडबी. त्या रस्त्याला गाडी निघाली, की ठरावीक अंतरावर गपकन बंद पडायची. अर्धा तास उभी राहिली, की पुन्हा मुकाट चालू. हुमनाबादच्या मिस्त्रीने कॉइल बदलला, पॉइंट घासले, प्लग तर दोनदा बदलले. गाडी तिथेच बंद. मिस्त्री म्हणाला, त्या वळणावर काहीतरी आहे, नारळ फोडा. अक्का म्हणाल्या, नारळ घरी फोडते, चटणीला लागतोय.

पुढच्या खेपेला गाडी बंद पडली तेव्हा त्या खाली उतरल्या आणि बंद इंजिनला कान लावला. चालू इंजिन सगळेच ऐकतात. बंद पडलेलं ऐकावं, हे त्या मिस्त्रीला काय, मलाही सुचलं नसतं. थोडा वेळ ऐकून त्यांनी दोन्ही हातांची बोटं जुळवली आणि हळूहळू वर आणत बाहेर सांडली. दूध उतू जायलंय. अण्णांना क्षणात कळलं. सायलेन्सरच्या पाइपाशेजारून पेट्रोलची नळी गेली होती, ती तापून आतलं पेट्रोल उकळत होतं. त्यांनी डोक्याचा टॉवेल भिजवला आणि माठाला गुंडाळावा तसा नळीला गुंडाळला. गाडी मुडबीला पोचली. माहेरच्या बायकांनी गाडीला ओवाळलं, अक्कांना ओवाळलं. अण्णा तसेच हात धुवायला पाणी मागत उभे राहिले.

त्यांचा मुलगा एकुलता एक. बंगळुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत. अकराव्या मजल्यावर घर घेतलं होतं त्याने. चांगला मुलगा, उगीच नावं ठेवणार नाही. दर सणाला यायचा आणि म्हणायचा, चला आता, इथे काय आहे. अण्णांनी त्याला शब्द दिला होता, गाडी एकदा बरोबर झाली की येतो. बिघडलेलं काम टाकून फोरमन शिफ्ट सोडत नाही.

सगळ्यांना वाटायचं, आता होईल, या दिवाळीला होईल. पण अक्कांच्या कानाला रोज काहीतरी लागायचं.

एकदा मी ऑइलचा डबा द्यायला गेले होते. इंजिन चालू होतं, अक्का चहा आणायला आत गेल्या होत्या. अण्णांनी मला खूण केली, बसा, जरा रेस द्या. मी बसले. मला भाकरी धड थापता येत नाही, पण इंजिन कळतं. वीस वर्षं दुकानापुढे ट्रक उभे राहतात. इंजिन साफ होतं, एक शब्द वावगा नाही. तेवढ्यात अक्का आल्या. चहा माझ्या हातात दिला, मला उठवलं, स्वतः बसल्या. अण्णांनी विचारलं, "काय म्हणायलीय?" आणि अक्का पाखडायला लागल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अण्णांना ओठ दिसू नयेत म्हणून मान मागे वळवली. हात पाखडतच होते.

"पोरी, तुला काय ऐकू आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आलं का?"

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"घरात आमचं बोलणं काय ऱ्हायलंय, सांग," त्या म्हणाल्या. "जेवा म्हणायचं, हातानं. निजा म्हणायचं, हातानं. झालं. गाडीपाशी हे दिवसातनं दहादा मला विचारतेत, काय म्हणायलीय. माझं तोंड बघतेत, हात बघतेत. लग्न झाल्यापास्नं एवढं बघितलं न्हाई. तिकडं त्या अकराव्या मजल्यावर गेल्यावर काय विचारतील?"

मी म्हटलं, "अक्का, हे बरोबर नाही."

"न्हाईच," त्या म्हणाल्या, आणि आपलं काम सांगितलं.

काम असं, की चेन ताणून धरणारा टेन्शनर अण्णा काढून आणणार होते आणि नवा मागणार होते. तो पार्ट हैदराबादेत मिळत नव्हता, मुंबईत मिळत नव्हता. मी आयुष्यात गिऱ्हाइकाला जुना माल नवा म्हणून दिलेला नाही. हवं तर गल्लीत विचारा. अण्णांना मात्र दिला. त्यांचाच टेन्शनर रॉकेलने धुतला, ऑइल लावलं, खाकी कागदात गुंडाळला, दुसऱ्याच कुठल्या पार्टच्या खोक्यात घातला आणि आठवड्याने दिला, हैदराबादहून आला म्हणून. अण्णांनी तो उजेडाकडे धरून सगळीकडून फिरवून पाहिला. म्हणाले, "बेस हाय माल." मी उगीच वही उघडून आकडे चाळत होते.

असं तीन वर्षांत तीनदा केलं. तिसऱ्या वेळी तर अक्का आणि मी हसत होतो.

चौथी वेळ आली नाही. एका सकाळी अक्कांच्या छातीत कळ आली. शेजारच्या जीपमधून बीदरला नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जीपमधून परत आणलं. लिंगायतांच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवून ठेवतात. कपाळभर विभूती, मांडी घातलेली, दोन्ही हात मांडीवर. मी लांब उभी होते. एवढे गप्प हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

महिन्याभराने अण्णा दुकानात आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. म्हणाले, "ताई, जरा येऊन बसता का?"

मी गेले. त्यांनी गाडी पुसून ठेवली होती. मी सीटवर बसले, किल्ली फिरवली, इंजिन एका दमात चालू झालं. अण्णांनी एक तळवा मडगार्डवर टेकवला. मग त्यांनी विचारलं, पण या खेपेला ओरडून नाही. इतक्या वर्षांत त्यांचा हलका आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"काय म्हणायलीय?"

मी ऐकलं. इंजिन साफ होतं. मी व्यवहारी बाई आहे, माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. हा माणूस एकटा आहे, दोन दिवसांनी एकदा जेवतो, मुलगा बोलावतो आहे. आता खोटं बोलायचं ते कुणासाठी? मी दोन्ही तळहात उघडे करून दाखवले आणि सावकाश म्हटलं, "काही नाही अण्णा. एकदम साफ चाललीय."

ते माझ्या हातांकडे पाहत राहिले. हात पुढे काहीतरी करतील, अशी वाट पाहावी तसे. मग त्यांनी वाकून किल्ली बंद केली.

पुढचं पटापट झालं. हैदराबादचा एक हौशी माणूस आला, ट्रॉलीवर गाडी चढवून घेऊन गेला. मुलगा आला, घराला कुलूप लागलं. मला बरंच वाटत होतं. योग्य तेच झालं, असं मी गल्लीत दोन-तीन जणांना सांगितलंही.

निघायच्या दिवशी मुलगा कारमध्ये सामान भरत होता, तेव्हा अण्णा दुकानात आले. खिशातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. तो टेन्शनर होता.

"गाडी द्यायच्या आधी त्याच्या जागी लेथवर दुसरा करून बसवला," ते म्हणाले. "ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मी उलटा करून पाहिला. पाठीवर पंचाचे तीन ठिपके होते. धुताना मी पाठ कधी नीट पाहिलीच नव्हती.

मी तो काउंटरवर ठेवला. त्यांना ओठ दिसतील असं तोंड वर करून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मडगार्डवर हात ठेवला की कळतंय की. कान गेलेत, हात न्हाई गेले."

"मग खोलत कशाला होता?"

अण्णांना या प्रश्नाचं नवल वाटलं. "ती सांगायली होती," ते म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी इंजिनमध्ये बिघाड आहे का, हे ते मला विचारतच नव्हते. ते त्यांना तळव्याने आधीच कळलं होतं. ते माझ्याकडे दुसरंच काही मागत होते, आणि ते माझ्या हातात होतं. मी हात उघडून दाखवले, रिकामे.

बोलून काही उपयोग नव्हता. मी काउंटरमागे उभी राहिले आणि पाखडायला लागले. उशीर झाला होता, गाडी नव्हती, हे मला दिसत होतं. तरी पाखडत राहिले.

अण्णा बघत होते. मग त्यांनी काउंटरवरून वाकून माझा डावा हात धरला आणि जरा वर उचलला, उजव्यापेक्षा चार बोटं.

"तिचा डावा वर असायचा," ते म्हणाले. मी पुन्हा पाखडलं. त्यांनी मान हलवली. "हां. असं."

बाहेर मुलाने हॉर्न दिला. अण्णांना ऐकू आला नाही. ते माझे हात बघत होते. शेवटी मुलगा आत आला, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि घेऊन गेला.

मग एक ट्रकवाला आला. त्याला क्लच प्लेट पाहिजे होती. मी हात खाली घेतले आणि काढून दिली.