थंड गाडीची टिकटिक

अक्षर वाईट आहे, त्याची माफी. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिताना लाज वाटते.

आमचं गॅरेज शुक्रवार पेठेत, घराला लागूनच आहे. ह्यांचं काम सायलेन्सरचं. ग्राइंडरच्या आवाजानं ह्यांचा एक कान गेलाय आणि दुसरा अर्धा. गाडीचा धूर कुठून फुटतो ते ऐकायला ह्यांना दुसऱ्याचे कान लागतात. ते कान माझ्या थोरल्या जावेचे. तिला मी आक्का म्हणते. तिच्या वडिलांचं सांगोल्यात गॅरेज होतं, ती त्यातच वाढली. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं सांध्यावरून फिरवायचं आणि "हितं फुटलंय" म्हणून सांगायचं. शिवाय वेल्डिंगचं मशीन तिच्या माहेरच्या पैशातनं आलेलं. ते पैसे आम्ही थोडे थोडे फेडत होतो, पण फिटेपर्यंत गॅरेजमध्ये तिचाच शब्द. मी चहा द्यायचे आणि आत यायचे. "वहिनी, जरा ऐका की," असं हे म्हणाले की मी आत भांडी आदळायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी ती नळी हातात दिली नाही.

उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक जुनी गाडी घेऊन आलं. कंपनीचं काढून त्यानं बाहेरचं चकचकीत हेडर बसवून घेतलं होतं. हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर आणणाऱ्या चार नळ्यांचा जुडगा. गाडी सुरू केली की टिकटिक वाजायची. ह्यांनी सांध्यात घालायचं गॅस्केट बदललं, बोल्ट आवळले, तरी तेच. तो म्हणाला, "आवाज गेला तर मागाल तेवढं देतो. न्हाय गेला तर एक रुपया मिळायचा न्हाय."

त्या पैशात आक्काचे उरलेले सगळे फिटणार होते. ते काम कधी एकदा होतंय असं मला झालं होतं. गाडीसाठी नव्हे, आक्का गॅरेजमधून जावी म्हणून.

आक्का घरचं आवरून उशिरा यायची. तोवर ह्यांनी गाडी चालू करून, रेस करून बघितलेली असायची. आक्का नळी लावायची आणि मान हलवायची.

"कायबी वाजत न्हाय, भावजी."

"मग सकाळी काय भूत वाजवतंय व्हय?"

दोघं हसायचे. ते हसणं मला ओट्यापाशी ऐकू यायचं, आणि हातातली पोळी करपायची.

ती टिकटिक मी रोज ऐकत होते. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू झाली की जोरात वाजायची, आणि चहा उकळेपर्यंत बंद व्हायची. एके सकाळी हे किल्ली फिरवत होते तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि खिळ्यावरची नळी काढली.

"तू काय करतीस?"

मी एक टोक कानाला लावलं. नळी एकेका सांध्यावरून नेली. हेडरची तिसरी नळी इंजिनाला बसणाऱ्या पट्टीला जोडलीय, तिथं खालच्या अंगाला कानात टिचकी मारल्यासारखं झालं. मी बोट दाखवलं.

"हितं?"

"व्हय."

ह्यांनी इंजिन बंद केलं, वाकून बघितलं. वरून काही दिसेना. मग म्हणाले, "थांब. वहिनींना येऊ दे."

तो कप त्यांच्या पुढ्यातच आपटावासा वाटला.

आक्का आली तेव्हा गाडी गार झाली होती. तिनं चालू करायला लावली, मी दाखवलेल्या जागी नळी धरली, आणि ह्यांच्यावरच घसरली. "भावजी, रोज तापवून ठिवता आन मला ऐकायला लावता! लोखंड तापलं की चीर मिटती की!" मग माझ्याकडं वळली. "तू शोधलंस व्हय गं? मग एवढे दिस मला कशाला राबवलंस?"

ती मनापासून हसली, माझ्या पाठीवर हात ठेवला. तेही मला सोसलं नाही. ती वाईट वागली असती तर मला सोपं गेलं असतं.

हेडर उतरवलं. वेल्डिंगखाली केसाएवढी चीर होती, कडेला काजळी धरलेली. ह्यांनी चीर घासून नव्यानं वेल्डिंग केलं. पट्टी वाकली होती, ती सपाट केली. नवं गॅस्केट घालून बोल्ट मधनं सुरू करून कडेपर्यंत आवळले, गाडी तापवून गार होऊ दिली आणि परत आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी, आक्का यायच्या आधी, ह्यांनी नळी माझ्यापुढं धरली.

"ऐक."

मी चारी सांधे ऐकले. "न्हाय वाजत."

गिऱ्हाइकानं पैसे दिले. हे म्हणाले, "तूच दे वहिनींना." मी आक्काच्या हातात ठेवले. मशीनला टेकून ती मोजायला लागली. मोजता मोजता म्हणाली, "आता मला कोन बोलवतंय हितं?"

"या की," एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी नोटांकडं बघत राहिले. शेवटची नोट तिनं बोटाला थुंकी लावून सुटी केली, सगळ्या नीट जुळवून पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "झालं गं. पै न् पै फिटली."