चैत्रातला माझा चीट डे

आळेफाट्याच्या गॅरेजवर कामाला लागलो तेव्हा माझं वजन कुणी विचारलं नव्हतं, ताकद विचारली होती. गाव लांब, नांदेडकडं. शाळा आठवीत सुटलेली, पान्हा धरण्यापलीकडं काही येत नव्हतं. शेठनी ठेवून घेतलं, गॅरेजमागची खोली दिली आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, दोन्ही वेळचा डबा सुरू केला. अशा माणसांवर रागवायचं म्हणजे जीभ अडखळते. तरी त्या चैत्रात मी रोज रागावत होतो.

झालं असं, की ट्रकचा गिअरबॉक्स उचलताना बेंबीपाशी काहीतरी सरकलं आणि लिंबाएवढी गाठ वर आली. जुन्नरच्या डॉक्टरांनी हर्निया सांगितला. ऑपरेशन करू म्हणाले, पण आधी पोट उतरवा, एवढ्या चरबीत टाके टिकणार नाहीत. आणि तोवर जड उचलायचं नाही. जड न उचलणारा ट्रकचा मिस्त्री काय कामाचा? शेठ काही बोलले नाहीत, मला वायरिंगच्या किरकोळ कामाला बसवलं. ते बोलले नाहीत यानंच माझी झोप उडाली. कधीतरी त्यांना दुसरा मिस्त्री शोधावाच लागणार, आणि मग ती खोलीही त्याचीच.

भात सोडला, चहातली साखर सोडली, संध्याकाळी पाय दुखेस्तोवर चालायला लागलो. मोबाइलवर दंड फुगवलेला एक जण सांगायचा, आठवड्यातनं एक दिवस चीट डे ठेवा, हवं ते खा, वजन उलट जोरात उतरतं. त्याच्या खालीच तेवढेच दंड असलेला दुसरा ओरडायचा, चीट डे म्हणजे आठवड्याची मेहनत मातीत. मी आठवीवाला, मला दोघांचंही पटायचं. जो शेवटी ऐकला त्याचं जरा जास्त. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "एक ताट मनासारखं जेवलात तर काही बुडत नाही. पण ताट म्हणजे ताट, अख्खा दिवस नव्हे."

मी रविवारचं दुपारचं जेवण धरलं. खरं सांगतो, फायदा झाला. रविवार आहे म्हणून बाकीचे दिवस भाकरी-मेथीवर निघायचे. पँट कमरेला सैल झाली. मग मी भाबडेपणानं ते वहिनींना सांगितलं.

"म्हंजी एक दिस तुमाला समदं चालतं?"

"हो, पण रविवारीच."

"मग बुधवारी माझ्या माह्यारची यात्रा हे, रविवार तिकडं सरकवा. दिस काय कुनी पळवून नेतंय व्हय?"

या भागात चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात, एकेका गावाची एकेका दिवशी. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडे पळतात, आणि गाडे बघायला आलेला माणूस न जेवता परतला तर त्या घराला तोंड दाखवायला जागा राहत नाही. शेठचं गाव निरगुडसर, वहिनींचं माहेर डोंगराकडं, आणि आमच्याकडनं ट्रॅक्टर नीट करून नेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक वेगळ्या गावचं. सगळ्यांचं एकच, "पावणं, यायचंच!"

वहिनींच्या माहेरी मी पंगतीत अर्धी पुरणपोळी मागितली.

"अर्धी आमी कुत्र्याला टाकतो, राव," वाढणारा म्हणाला. "पावण्याला न्हाई."

मागनं वहिनींच्या भावानं आवाज टाकला, "आरं, आज चीट डे हे त्यांचा, वाढ बिनधास्त!" पोळी पडली, तिच्यावर तुपाची धार पडली, मी ताटावर हात आडवा धरला तर हातावर पडली.

रविवारी डबा उघडला तर मासवडी आणि वर तर्री आलेला रस्सा.

"वहिनी, रविवार बुधवारी गेला ना?"

"गेला की. पन ही मासवडी हे, मटन न्हाई. बेसनानं कुटं वजन वाढतं?"

असा चैत्र निम्म्याहून जास्त गेला. चीट डे माझा, पण तो कधी हे गावं ठरवायची, आणि प्रत्येक गावाला वाटायचं आपला एकच तर आहे.

पुढच्या खेपेला जुन्नरला काट्यावर उभा राहिलो. उतरलेलं सगळं परत आलं होतं, वर थोडं जास्तच. "यात्रा का?" डॉक्टर एवढंच म्हणाले आणि ऑपरेशन पुढं ढकललं. एसटीनं परत आलो तर शेठ गाडीखाली आडवे. गिअरबॉक्स जॅकवर तोललेला, त्याला ते स्वतः खांदा लावून बसवत होते, कण्हत. या वयात. आणि मी शेजारी पिशवी धरून उभा.

वहिनी डबा घेऊन आल्या. माझा तोल गेला. "तुम्ही मला लाडानं मारणार आहात वहिनी. माझं पोट उतरलं नाही तर शेठची पाठ जाईल, दिसतंय ना?"

बोललो आणि घाबरलो. त्यांनी गाडीखाली बघितलं. डबा तसाच उचलून घरी गेल्या. आता आपली खोली गेली, असं मी धरूनच चाललो.

दोन दिवसांनी निरगुडसरची यात्रा. न जावं तर शेठ, जावं तर पोळी. गेलो. पंगत बसत होती. वहिनी आतनं आल्या आणि एक मिठाची वाटी आणि लिंबाच्या फोडींचं ताट माझ्या हातात दिलं.

"बसू नगा. मीट-लिंबू वाढा. वाढप्याला कुनी आग्रेव करत न्हाई. आन् ह्ये उचलायला जडबी न्हाई."

मी चिमटीनं मीठ सोडत पंगतीतनं फिरलो. "पावणं, बसा की!" "वाढतोय!" म्हटलं की माणूस पुढचं बोलतच नाही. एवढं सोपं होतं तर हे मला चैत्राच्या सुरुवातीला कुणी का सांगितलं नाही?

शेवटच्या पंगतीनंतर वहिनींनी माझं ताट केलं. एक पोळी, कटाची आमटी, थोडा भात. "ह्यो तुमचा चीट डे. येवढंच. आता रविवारी भाकरी."

मी मान हलवली. मग पोळीवर तूप सोडायला लागल्या, आणि तो हात काही केल्या थांबेना.

"वहिनी!"

"आगं बाई," म्हणाल्या, आणि तुपाचं भांडं घेऊन आत गेल्या. बाहेर शेठ कंबर धरून सावकाश बाजेवर बसत होते. मी वरचं तूप आमटीच्या वाटीत निथळवलं, वाटी बाजूला सारली आणि कोरडी पोळी खाल्ली.