कुशाबाचा होकार

कुशाबा तोडणकर बहिरा झाला आहे, हे परळ-लालबागात एकट्या कुशाबालाच ठाऊक होतं. बावीस वर्षं मिलच्या साचेखात्यात, शेकडो मागांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? उजवा कान पार गेला होता आणि डाव्यात नळाखाली हंडा भरावा तसा नुसता घोंघाट. पण साचेखात्यात कानांवाचून कुणाचं अडत नाही. तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, हातवाऱ्यांनी बोलतात, भांडतात, आणि जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, नाकासमोर त्याचीच टिंगल करतात. खात्याबाहेर मात्र कुशाबाने वेगळी युक्ती काढली होती. समोरच्याचं तोंड दिसलं तर ओठ वाचायचे, नाही दिसलं तर सरळ ‘हो’ म्हणायचं. माणसांना बहुतेक वेळा होच ऐकायचं असतं, त्यामुळे ही लबाडी वर्षानुवर्षं खपून गेली.

डिलाईल रोडच्या चाळीत त्याच्या शेजारी शेवंती राहायची. नवरा वारलेला, स्वतः सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला, आणि आठ वर्षांचा मुलगा धोंडू जन्मापासून बहिरा. परळला मृणालिनीबाई नावाच्या गिरगावच्या एक बाई अशा मुलांचा वर्ग चालवतात, हे कळल्यावर कुशाबानेच धोंडूला तिथे घातलं. पोहोचवायला जाता जाता तो स्वतःही तिथे अडकला. दुसरी पाळी असली की सकाळी आसपासच्या चाळींतली सहा पोरं गोळा करायची, वर्गात न्यायची, शिकवणं संपलं की आवारात तासभर लंगडी, कवायत आणि लेझीम. बहिऱ्या पोरांना लेझीम शिकवणार म्हटल्यावर लोक हसले होते. पण पोरं त्याच्या हातांकडे बघत एका पावलावर नाचायला लागली, तेव्हा हसणारेच गॅलरीत गर्दी करू लागले.

बाईंना मात्र ते हातवारे खुपायचे. पोरांना हातांची सवय लागली तर ती ओठांकडे बघणारच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कुशाबाला दोनदा बजावलं. कुशाबा हो म्हणाला आणि आवारात जाऊन पुन्हा हातच चालवू लागला. दोन्ही मुठी डोक्यावर नेऊन झपकन खाली आणल्या, की खात्यात त्याचा अर्थ ‘साचा बंद’, म्हणजे माग थांबव. त्याच्या खेळात ती खूण दिसली की असेल तिथे खाली बसायचं. त्या एका तासात त्याला कुणापुढे सोंग करावं लागत नव्हतं, आणि एवढं सुख त्याला दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. आपण बहिरे आहोत हे बाईंना कळलं तर हा तास जाणार, याची त्याला नोकरी जाण्यापेक्षाही जास्त धास्ती होती.

छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात पोहोचल्यावर गिरण्या बंद पडल्याची बातमी आली. बाईंनी वर्ग मोडला. घाईघाईने खिडक्या लावता लावता, पाठमोऱ्याच, त्यांनी विचारलं, “कुशाबा, कोपऱ्यापर्यंत जाऊन कानोसा घेतलात ना? करी रोडकडे शांत आहे ना?”

कुशाबाला कळलं एवढंच, की बाई काहीतरी बोलल्या. तो हो म्हणाला.

सहा पोरं घेऊन तो निघाला. दुकानं बंद होती, रस्ता मोकळा होता, आणि रिकामा रस्ता म्हणजे शांत रस्ता असं या शहाण्याने धरून चाललं. करी रोडच्या पुलाकडून घोषणा येत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या, त्यातलं काही त्याच्या कानावर येत नव्हतं. घराच्या ओढीने धोंडू वीसेक पावलं पुढे धावत होता. वळण आलं आणि कुशाबाचे डोळे झोंबले. अश्रुधूर होता. समोर दगडांचा सडा, पलीकडे पोलिसांची फळी, आणि फळीपुढे आलेला हवालदार यांच्याकडेच बघून हात हलवत होता. तो किती वेळ ओरडत होता देव जाणे. थांबा म्हटल्यावर सातांतला एकही थांबत नाही, हे बघून त्याने बंदूक उचलली.

पाच पोरं त्याच्याकडे बघत होती, त्यांना त्याने खुणेने खाली बसवलं. पण धोंडूची पाठ होती. हाक मारून उपयोग नव्हता, धावत जावं तर बंदूक आपल्यावर वळणार आणि पोरगं मध्ये सापडणार. त्याने पायातली वहाण काढली आणि जीव एकवटून फेकली. ती धोंडूच्या पाठीत बसली. चिडून तो वळला, तोच कुशाबाच्या मुठी वर जाऊन खाली आल्या. धोंडू मटकन भर रस्त्यात बसला.

हवालदार तावातावाने आला. नाकातोंडावर ओला रुमाल बांधलेला, त्यामुळे ओठ दिसतच नव्हते. रुमाल हलत होता, डोळे काहीतरी विचारत होते, बंदूक धोंडूच्या डोक्यावरून कुशाबाच्या छातीकडे वळली होती. हो म्हणावं? यांनी दगड मारले का, असं विचारत असेल तर? नाही म्हणावं? ही पोरं तुझी का, असं विचारत असेल तर? आयुष्यात पहिल्यांदा त्याला हो म्हणायची भीती वाटली.

“हवालदारसाहेब, या पोरांना ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “आणि मलाही येत नाही. रुमाल काढून बोला.”

हवालदाराने रुमाल खाली ओढला आणि लहान पोराशी बोलावं तसं सावकाश विचारलं, कुठे राहता? कुशाबाने सांगितलं. हवालदाराने त्यांना भिंतीच्या कडेकडेने स्वतः पूल पार करून दिला.

शेवंतीला त्याने त्याच दुपारी सगळं खरं सांगितलं. तिने धोंडूला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. कुशाबाला वाटलं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संचारबंदी उठल्यावर तो परळला गेला. बाई वर्गात एकट्याच होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की मी कोपऱ्यापर्यंत गेलोच नव्हतो, गेलो असतो तरी मला काही ऐकू आलं नसतं.

“मग इतके दिवस माझं बोलणं?” बाईंनी विचारलं.

“तुमचे ओठ वाचतो, बाई.”

“आणि मी पाठमोरी असले तर?”

“तर नुसतं हो म्हणतो.”

बाई पोरांच्या बाकावर बसल्या. मुलांशी बोलताना तोंड समोर ठेवा, असं त्या प्रत्येक आईला बजावत असत. त्यांनी मान खाली घातली, पदर तोंडाशी नेला आणि काहीतरी बोलू लागल्या. कुशाबाला पदराआडून तुकडेच मिळाले. शेवंती भांडून गेली, धोंडू दारात बसून, रस्त्याने ती, खेळाचा तास. तास काढून घेतला की ठेवला, तेवढंच नेमकं सुटलं.

सवयीने हो ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“बाई, पुन्हा सांगा. मला कळलं नाही.”

बाईंनी पदर बाजूला केला, डोळे पुसले आणि त्याच्याकडे तोंड करून पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. शेवंती भांडून गेली, पण धोंडू कुशाबाची वाट बघत दारात बसून असतो, हेही तिनेच सांगितलं. म्हणून यापुढे रस्त्याने ऐकणारं माणूस म्हणून ती बरोबर चालेल आणि खेळाचा तास कुशाबाच घेईल.