शिट्टी ओळखणारा ऑक्टोपॅड

नव्वदच्या दशकात साताऱ्यातल्या एका ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवायचो, आणि माझ्याइतका शहाणा अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही अशी माझी पक्की समजूत होती. कीबोर्डात तयार ठेके होते ना! एक बटण दाबलं की ढोलकी, दुसरं दाबलं की ड्रम. वाजवायला माणूसच नको.

आमच्याकडे ठेक्याला एक काका होते, लष्करी बँडातून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे ऑक्टोपॅड असायचा, म्हणजे आठ रबरी चौकोन. काठी मारली की हवा तो आवाज निघायचा. एकदा त्यांच्यादेखतच मालक म्हणाले, "ठेक्याला दोन दोन वाद्यं कशाला? लोणंदच्या लग्नात मशीन लावून बघू. जमलं तर काका, तुमी आता आराम करा." काकांनी काठ्या पिशवीत भरल्या. मला, खोटं कशाला सांगू, आनंदच झाला.

लोणंदला नवऱ्याकडची मंडळी लेझीमवाली निघाली. त्यांचा हलगीवाला ऐनवेळी आलाच नाही, म्हणून मी ऐटीत ठेका लावला. रांगा झकास चालल्या. मग म्होरक्यानं शिट्टी फुंकली. लेझमीत शिट्टी झाली की डाव बदलतो, ठेकाही बदलावा लागतो. माझं मशीन आपलं नाकासमोर चाललेलं! निम्मे वळले, निम्मे तसेच पुढे गेले, दोन पाव्हणे एकमेकांवर आदळले. "आवं, थांबवा की त्ये!" म्होरक्या ओरडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बटणं शोधतोय तोवर पुढची शिट्टी झालीसुद्धा.

शेवटी मी ठेका बंद केला. काका ऑक्टोपॅड मांडून मागेच बसले होते. म्हटलं, "काका, तुम्ही घ्या."

काकांनी पिशवीतून बाभळीची बारीक काडी काढली. डाव्या हातात ती, उजव्यात जाड काठी, अगदी हलगीला धरतात तशी. "रबर फाटंल की," मालक कुरकुरले. पण काय वाजवलं हो त्या माणसानं! काडी नुसती टेकवली तर आवाज कुजबुजल्यासारखा, काठी हाणली तर कडाड. नजर सगळा वेळ म्होरक्याच्या गालांवर. गाल फुगले की काकांना कळायचं, आणि शिट्टीबरोबर ठेका फिरायचा. इतकं नेमकं वाजवणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. अंगावर काटा आला, आणि स्वतःची लाजही वाटली.

सामान जीपमध्ये चढवताना मालकांनी विचारलं, "मशीन बिघडलं हुतं का रं? नीट करून आण, फुडच्या लग्नात परत लावू."

हो म्हणणं सोपं होतं.

"बिघडलं नव्हतं, मालक. मीच बंद केलं. त्याला म्होरक्याचे गाल दिसत नाहीत."

"मग तू काय करनार?"

"मी सूर धरतो. ठेका काकांचाच."

मालकांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

काका वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "धर. पन माझ्या मागनं ये. लय फुडं पळतोस तू."