पेन्सिलीनं काढलेला निकाल

बारावीला मला कॉम्प्युटर सायन्स होतं, पण प्रोग्रॅम आम्ही जर्नलमध्ये हातानं लिहायचो आणि त्याचं आउटपुट शेजारच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काढायचो. टक्केवारीचा प्रोग्रॅम अख्ख्या वर्गानं शिरोळच्या एका सीनियरच्या जर्नलमधून उतरवला. त्या प्रामाणिक गाढवानं त्यात स्वतःचेच गुण घातलेले. एकतीस टक्के, नापास! माझ्या जर्नलमध्ये मी नापास? हट्! गुण तसेच ठेवून मी निकाल तेवढा खोडला आणि ब्याण्णव टक्के लिहिले.

प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले सर सगळ्यांची जर्नलं चाळून माझ्यापाशी थांबले. "सगळा वर्ग नापास हाय, पण त्यांचा कॉम्प्युटर बरोबर हाय. तू एकटी पास, आणि तुझा कॉम्प्युटर खोटं बोलतोय की गं!"

बिचारा कॉम्प्युटर! दोन वर्षांत मी त्याचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं.