गंगाराम परबाचा पाळणा

धामापूरच्या तळ्याखाली ज्यांची भातशेती, त्यांना पाणी पाळीनेच मिळायचं, आणि ती पाळी सांभाळायचा गंगाराम परब. कोणी कितीही गोड बोलो, चिरूट पुढे करो, वेळ झाल्याशिवाय हा पाट सोडणार नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने एकदा दोन दिवस तसंच तंगवलं होतं. गाव त्याच्यावर करवादायचं, पण भांडण झालं की निवाड्यालाही त्यालाच बोलवायचं. अशा माणसाने जन्मात एकदाच घाई केली, आणि तीही नेमकी नको तिथे.

त्याची एकुलती लेक सुगंधा. तिला बांद्याला दिलेली. एकोणीसशे अठ्ठावन्न साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्या नातवंडाचा पाळणा आजोळहून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. तो मूल जन्मल्यावर आणायचा, आधी आणला तर दोष लागतो, हीसुद्धा रीतच. पण गंगारामाच्या डोक्यात सावंतवाडीच्या चितारआळीतला रंगीत पाळणा बसला होता. तो करायला दीड महिना लागतो आणि बारसं तर बाराव्या दिवशी. हिशेब काही केल्या जमेना. म्हणून चतुर्थीच्या आधी, बायकोलाही न सांगता, तो वाडीला जाऊन भाई चिताऱ्याला भेटला. भाई म्हणाला, "पोर झाल्याबिगर मी पाळण्याच्या लाकडाक हात लावणंय नाय." तेव्हा गंगाराम त्याच्या तोंडावर खोटं बोलला. म्हणाला, "झालो मरे! झील झालो. चार दिस झाले."

दसऱ्याला सुगंधाला खरोखरच मुलगा झाला आणि पाचव्या दिवशी गेला.

त्या दिवसापासून गंगारामाला काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही, राग आला नाही. जेवायचा, पाट सोडायचा, बांधायचा. कानात पाणी गेल्यावर होतं तसं सगळं लांबून ऐकू यायचं. एकच गोष्ट आत टोचत राहिली होती, की आपणच हे ओढवून घेतलं आणि ते सुगंधाला कळता कामा नये. कळलं तर ती पुन्हा आपल्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार नाही, याबद्दल त्याची खात्रीच होती.

मार्गशीर्षात तो तिला सासरी पोचवायला निघाला. वाडीला गाडी बदलायची होती. बांद्याची गाडी दोन तासांनी होती. सुगंधाने दोन महिन्यांत आपणहून काही मागितलं नव्हतं. आज स्टँडवर बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, चितारआळीत जावया?"

"कित्याक गो? ऊन लागात तुका."

"ल्हानपणी तुमी माका हाडलेलास. मगे परत खंय येवक गावला?"

नाही कसं म्हणायचं? मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात गंगारामाने छत्री उघडली, ती पार कानांपर्यंत खाली ओढली आणि तो निघाला. भाईचं दुकान डाव्या हाताला, म्हणून हा उजव्या कडेने. समोरून येणारी माणसं छत्रीच्या काड्या चुकवत त्याला शिव्या घालत होती.

मोती तलावाकडून आळीत शिरलं की दोन्ही बाजूंना रंगच रंग. लाकडाचे आंबे, केळी, फणसाच्या फोडी, भातुकलीची भांडी, भिंगऱ्या, लग्नाचे पाट. आत कुठेतरी लाख तापल्याचा वास, कोणी केवड्याच्या पानाने घासून खेळण्याला चमक आणतोय. मुंबईहून आलेल्या बायका फळं हातात घेऊन खरी की खोटी ते बघत होत्या. सुगंधा एका दुकानापाशी थांबली, पुढे गेली, पुन्हा थांबली. हात कशालाच लावत नव्हती. गंगारामाला तांबडा तांबडा दिसत होता, पिवळा पिवळा, पण त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. तो फक्त दुकानं मोजत होता. अजून चार. अजून तीन.

आणि सुगंधा रस्ता ओलांडून नेमकी भाईच्या फळीपुढे उभी राहिली.

"गंगारामानू!" भाईने आतूनच ओळखलं. छत्रीचा काही उपयोग झाला नाही. "अहो, खंय होतास इतके दिस? पाळणो तयार होवन दोन म्हयने झाले!"

त्याने आढ्याच्या हुकाला टांगलेला पाळणा दोरीने खाली सोडला. तांबड्या-हिरव्या दांड्या, वर गोल फिरणारे आठ पोपट. रिकामा पाळणा हलवू नये म्हणून भाईने आधी एक लाकडी आंबा उचलून आत निजवला आणि मग बोटाने हलका झोका दिला. पोपट फिरायला लागले.

"ही तुमची लेक मां? बाये, तुझ्या बापाशीक धीर म्हणान नव्हतो हां. चतुर्थीआदी धावत इलो, झील झालो म्हणान!"

चतुर्थीआधी. सुगंधाला तेव्हा आठवा होता. तिने सावकाश मान वळवून बापाकडे बघितलं. गंगारामाने छत्री मिटली. आता ती कशाला हवी होती? तो खाली मान घालून उभा राहिला. आता ती ओरडेल, किंवा नुसती चालू लागेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

"कितक्या म्हयन्याचो झालो गो?" भाई विचारत होता. "बरो आसा मां?"

"बरो आसा," सुगंधा म्हणाली.

"नाव काय ठेवलास?"

"जयवंत."

"बरा नाव आसा," भाई म्हणाला.

गंगारामाने मान वर केली. पाचव्या दिवशी गेलेल्या पोराला नाव कसलं? घरात सगळे त्याला 'ता पोर' म्हणायचे, आणि हल्ली तेही म्हणत नसत. सुगंधा भाईला सांगत होती की आज पाळणा नेता येणार नाही, लांब जायचंय, इथेच राहू दे. भाईने हो म्हटलं. दोघं बाहेर आली. दहा पावलांवर गंगाराम थांबला.

"माझा चुकला गो. मी आदीच सांगान गेलंय. माझ्यामुळा झाला ता."

सुगंधा त्याच्याकडे बघत नव्हती. कोणाच्या तरी दुकानातल्या पाटांकडे बघत बोलली.

"मियाय नाव आदीच ठेवललंय, बाबा. चवथ्या म्हयन्यात. न्हंयर कपडे धुताना कोण नसला की हाक मारी होतंय तेका. तेचोच दोष लागलो. ह्या मी कोणाकच सांगूक नाय, आयेकसुदा नाय." मग म्हणाली, "तुमी पाळणो केलास ता माका ठावक नव्हता."

म्हणजे एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, दोन महिने दोघंही स्वतःलाच गुन्हेगार ठरवून निजत होती. गंगारामाने ओठातल्या ओठात ते नाव म्हणून बघितलं.

"मोठ्यान म्हणा," सुगंधा म्हणाली. "माझ्याशिवाय कोणीच तेका हाक मारूक नाय."

भर चितारआळीत, येणारे-जाणारे बघत असताना, गंगारामाने नातवाला हाक मारली, आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.